पडद्याआडून ‘रिपीट’

पडद्याआडून आवाज येईना, तसा कंपाउंडरचा जीव टांगणीला लागला. आत तपासायच्या टेबलावर त्याची बायको होती. खिडकीपाशी खोकल्याच्या औषधाला आलेल्या बाई बाटली पुढे धरून उभ्या होत्या. त्यानं बाटली घेतली खरी, पण हात चालेना.

दवाखान्याची रीत जुनी. पेशंट तपासून झाला की डॉक्टर आतूनच औषध सांगत, आणि मागचंच चालू ठेवायचं असेल तर नुसतं म्हणत, ‘रिपीट!’ शब्द इंग्रजी, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसलेला. कुणी बावरून विचारलंच, की गुण नाही का आला, तर कंपाउंडर समजूत घालायचा: रिपीट म्हणजे पुन्हा तेच. दुखणं वाढलं नाही, औषध लागू पडतंय, आणखी काय हवं? वर बाटली नीट धुतली नाही म्हणून दोन शब्द सुनवायचाही. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा नव्हे.

बायकोच्या पोटातलं दुखणं निघाल्यापासून मात्र तो स्वतःच या शब्दावर जगत होता. दर आठवड्याला ती आत जायची, हा कानात प्राण आणून थांबायचा, आणि ‘रिपीट’ ऐकलं की आणखी एक आठवडा पदरात पडायचा. तेच औषध, तीच बायको, संध्याकाळी तीच कुरबुर. याहून जास्त काही मागावं असं त्याला कधी वाटलंच नाही.

आज पडदा सरकला आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, की औषधाचा आता त्रासच जास्त होईल, बंद करू. वहिनींना आवडेल ते खाऊ घाला, दुखलं तर मला हाक मारा. कंपाउंडरनं मान हलवली. खोकल्याच्या बाईंची बाटली तेवढी भरून दिली.

थोड्या वेळानं बायको चपला घालून खिडकीशी आली. घरून धुऊन, वाळवून आणलेली बाटली तिनं पुढे केली.

“काय म्हणाले हो?”

“रिपीट,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आत तीच तर होती. डॉक्टरांनी आज तो शब्द उच्चारलाच नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्यात हा कधी तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आज बोलला तर तेही धड जमेना, डोळे भरून आले होते.

“मग भरा की,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी आणखी घासून आणते. तुमची बोलणी कोण खाणार?”

त्यानं पाठ फिरवली. कडू औषधात गोडीपुरता घालायचा साखरेचा पाक त्यानं बाटलीत ओतला, वर पाणी घातलं, बूच लावलं. मग डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापून डिंकानं चिकटवली. ती जरा वाकडी बसली, म्हणून सोडवली आणि पुन्हा नीट चिकटवली.