दुखणं आलं नसेल तर

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या दवाखान्यात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. बावीस वर्षं मी औषधांच्या खिडकीत बसते आहे, आणि अर्धवट चिठ्ठी आली की सरळ परत पाठवते, मग ती कुणाची का असेना. एकदा राजधानीहून आलेल्या एका तज्ज्ञाने मात्रेच्या जागी नुसता वळवळता किडा काढून पाठवला होता. त्याला मी भर व्हरांड्यात विचारलं, "हे काय आहे साहेब? पाच, पन्नास, का तुमची सही?" लोक फिदीफिदी हसले, तो लालबुंद झाला, पण आकडा नीट लिहून दिला. चिठ्ठी कळत नसेल तर अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते.

आणि मेलेआने नावाच्या पोरीच्या चिठ्ठीवर मात्र मी पुरतं विचारलं नाही.

चिठ्ठी घेऊन तिचा थोरला भाऊ सेमिसी आला होता, पलीकडच्या लहान बेटावरून, पहाटेच्या होडीने. सरकारी जागी जायचं म्हणून आमच्या टोंगाच्या रीतीने कमरेला चटई व्यवस्थित गुंडाळलेली, आणि हातात माझ्यासाठी कोनफळांची टोपली.

"लोसा मावशी, जरा लवकर करा हं. होडी बाराला सुटते. मग पंधरा दिवस काही नाही."

"होडीवाल्याला म्हणावं, मावशी चिठ्ठी वाचतेय, मासे नाही निवडत."

तो हसला, मग खिडकीत वाकून हळूच म्हणाला, "तिला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत हो. बोटं अशी टम्म सुजलीत. काल पेला उचलता येईना म्हणून रडली."

मेलेआने तेवीस वर्षांची. एवढ्या वयात सांध्यांचा आजार, तोही हाडं वाकडी करणारा. "नवरा कुठे तिचा?" मी विचारलं. नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जातो. नाताळाला आला, महिनाभर राहिला आणि पाच आठवड्यांपूर्वी परत गेला, असं सेमिसीने सांगितलं. ते ऐकून मी चिठ्ठी पुन्हा वाचली.

मेथोट्रेक्सेट, चार गोळ्या, एवढंच लिहिलं होतं. केव्हा घ्यायच्या ते नाही. सांध्यांच्या या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर माणूस हाती लागत नाही. आणि खाली बायकांसाठी एक छापील ओळ असते, गरोदर नाही ना, तपासलं का? ती कोरी होती. पोटात मूल असलं तर त्या मुलाला ही गोळी म्हणजे विष.

म्हणजे डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. डॉक्टर होता फिनाऊ, माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा. आम्हा टोंगन लोकांत मावसभाऊ वेगळा नसतोच, तो भाऊच. आणि बहीण-भावांनी एकमेकांसमोर बाईच्या अंगातल्या गोष्टी काढायच्या नाहीत. टीव्हीवर कुणी कुणाला जवळ घेतलं तरी दोघांपैकी एक जण उठून बाहेर जातो. दवाखान्यात आम्ही यावर तोड काढली होती. पाळी, गर्भ, असलं काही आलं की मी नर्स लुपेला सांगायची, ती फिनाऊला विचारून यायची. बारा वर्षं हे सुरळीत चाललं होतं. त्या आठवड्यात लुपेची सासू वारली आणि ती रजेवर गेली.

मी फोन लावला.

"डॉक्टर, मेलेआनेच्या गोळ्या रोज का आठवड्याला?"

"आठवड्याला! अरे देवा, लिहिलं नाही का मी? सोमवारी चार, बस्स."

"बरं. आणि ती खालची ओळ कोरी आहे."

तो खाकरला. मग म्हणाला, "मी तिकडे बेटावर तपासायला गेलो ना, तेव्हा तिचा भाऊ अगदी शेजारी बसला होता. तू बघ ना तेवढं."

"बघते," मी म्हटलं. फोन ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यालाही वाटलं असणार.

बघते म्हणजे काय बघणार होते मी? खिडकीत पुन्हा भाऊच. तुझ्या बहिणीची पाळी चुकलीय का, असं सेमिसीला विचारायचं? त्याने मान खाली घातली असती आणि पुन्हा कधी या खिडकीशी आला नसता. "घरी फोन आहे का रे?" मी विचारलं. त्याने खिसा थोपटला. "हा काय, माझ्याजवळ. घरात एवढा एकच."

मग मी वीस गोळ्या मोजल्या, पाच सोमवारांच्या, आणि सोबत चिठ्ठी लिहायला घेतली. पण तिच्या सुजलेल्या बोटांनी पाकीट उघडणार नव्हतं. सेमिसीच उघडणार, तोच वाचून दाखवणार. म्हणून मी बायकांच्या बोलीत लिहिलं. पाळीला आमच्या बायका दुखणंच म्हणतात. "या महिन्यात दुखणं आलं नसेल तर गोळी घेऊ नकोस, आधी मला कळव." कुठलीही बाई समजेल. शहाण्याला शब्दाचा मार, असं मनाशी म्हणाले आणि पाकीट चिकटवलं. गोळ्या अडवून धरता आल्या असत्या. पंधरा दिवस रडली असती पोर, पण अडवायला हव्या होत्या. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

एप्रिलच्या मध्यावर तिला मासेमारीच्या होडीतून आणलं. रक्त थांबत नव्हतं. लुपे कामावर परतली होती. संध्याकाळी तीच माझ्याकडे आली आणि दार लावून म्हणाली, "गेलं. तीन महिन्यांचं होतं. तिला माहीतच नव्हतं गं, आजाराने पाळी चुकली असं समजून बसली होती."

मी रात्रभर देवाला शिव्या दिल्या, फिनाऊला दिल्या, लुपेच्या मेलेल्या सासूलासुद्धा दिल्या. स्वतःला शिव्या द्यायची वेळ आली तेव्हा उजाडलं होतं.

चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायला सेमिसी तिला चाकाच्या खुर्चीतून खिडकीशी घेऊन आला. मी आधी तिचे हात पाहिले. सूज पार उतरली होती. बोटं सडपातळ, सरळ. औषध लागू पडलं होतं.

"मावशी, ती चिठ्ठी तुम्हीच लिहिलेली ना?" तिने विचारलं. "दादाने वाचून दाखवली. तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी. दर सोमवारी आधी बघायची, दुखणं आलंय का? आलेलंच असायचं, मनगटात नाहीतर गुडघ्यात. मग दादा पाणी आणून द्यायचा."

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांना नावं ठेवणारी मी. हो गं, तसंच केलंस, असं म्हणून तिला घरी पाठवता आलं असतं. मनात आलंही होतं तसं, खोटं कशाला बोलू?

"मेलेआने," मी म्हटलं, "मी त्या दुखण्याबद्दल लिहिलं नव्हतं. पाळी आली नसेल तर घेऊ नकोस, असं मला सांगायचं होतं. पोटात मूल असलं तर ती गोळी मुलाला मारते. तुझं मूल त्या गोळीने गेलं. चूक माझी आहे."

सेमिसीचे हात खुर्चीवर होते. त्याची मान खाली गेली, कान लाल झाले, पण तो हलला नाही.

मेलेआने रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच होतं, तर त्या दिवशी असं सरळ का नाही लिहिलंत?"

"तुझा भाऊ समोर उभा होता, पोरी."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आजही उभाच आहे की," ती म्हणाली.