तेविसावा संदर्भ

शनिवारी सकाळी संपादकांची मेल उघडली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. लेख नाकारला नव्हता, पण परत आला होता. "संदर्भसूची आमच्या पद्धतीनुसार नाही. सोमवारी दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवावी."

लेख डावखुऱ्या गोगलगायींवर होता. बहुतेक गोगलगायींच्या शंखाचा पीळ उजवीकडे वळतो, एखादीचाच डावीकडे. पण एका जुन्या दगडी भिंतीवर अशा डावखुऱ्या कितीतरी सापडतात, हे तिने तीन वर्षं मोजमाप करून दाखवलं होतं. शेवटी एक्क्याण्णव संदर्भ. यादी तिने आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावली होती. इथे मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे हवे होते, नियतकालिकाचं नाव आखूड करून तिरप्या अक्षरात, साल ठळक. हे काम तिने संगणकातल्या प्रोग्रॅमवर सोपवलं, तर त्याने निम्म्या लेखकांची नावं आडनावांच्या जागी नेऊन बसवली.

"काय झालं?" सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. वर्तमानपत्रावर त्यांच्या लाल पेनाच्या सात-आठ खुणा होत्या. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा ते तपासल्याशिवाय सोडत नसत.

तिने सांगितलं. वर म्हणाली, "बाबा, किचकट काम आहे. सगळं शास्त्रातलं."

"शास्त्र तुझं तू बघ. स्वल्पविराम माझ्याकडे दे."

जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसले. ते छापील यादी वाचायचे, ती पडद्यावर दुरुस्त करायची. नवऱ्याने एकदा डोकावून चहा ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेला. "आडनाव, आद्याक्षर, टिंब. टिंब कुठंय? हां. नाव तिरपं. साल ठळक. पुढं." तासाभरात वीस संदर्भ उरकले. तिच्या जिवात जीव आला. तेविसाव्याला ते थांबले.

"पानं दोनशे अकरा ते दोनशे आठ. हा लेख मागे मागे चालतो काय?"

ती हसली. "टायपिंगची चूक असेल. थांबा, दुसऱ्या कुणाच्या यादीत बघते."

दुसऱ्याच्या यादीत दोनशे अकरा ते दोनशे आठच होतं. तिसऱ्याच्याही. अकरा लेख उघडले. अकराही ठिकाणी तेच उलटं.

"एक विचारू?" सासरे म्हणाले. "मूळ लेख तू वाचलायस?"

ती म्हणाली, "चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, इंटरनेटवर नाही. सगळेच देतात म्हणून मीही दिला."

"म्हणजे पुढचं मेंढरू खड्ड्यात, तर मागची अकराही खड्ड्यात."

"आता मला धरून बारा," ती म्हणाली, आणि चप्पल घालायला उठली. विद्यापीठाचं ग्रंथालय शनिवारी पाचपर्यंत उघडं असायचं.

ग्रंथपालबाईंनी तळघरातून जाडजूड बांधीव खंड आणून टेबलावर ठेवला. धुळीने सासऱ्यांना तीन शिंका आल्या. पान दोनशे अकरा. लेख दोनशे अठरावर संपत होता. कुणीतरी कधीतरी अठराच्या जागी आठ लिहिलं होतं. पण तिचं बोट वरच अडकलं होतं. शीर्षकाखाली एक नाही, दोन नावं होती. पहिलं त्या प्रसिद्ध प्राध्यापकांचं, जे सगळे देतात. दुसरं एका बाईचं, जे कुणीच देत नव्हतं.

तिने उभ्याउभ्याच लेख वाचला, आणि तिसऱ्या तक्त्यापाशी तिचा चेहरा उतरला.

"आता काय?"

"बाबा, यांना उत्तरेकडच्या एका भिंतीवर डावखुऱ्या गोगलगायी भरपूर सापडल्या होत्या. माझ्यासारख्याच. आणि मी पहिल्याच पानावर लिहिलंय, 'प्रथमच आढळले.' वर त्याच वाक्याला यांचा संदर्भ जोडलाय!"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मग एक शब्द खोड. छापून आल्यावर कुणी दाखवून दिलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती. शिवाय चाळीस वर्षांच्या अंतराने दोघांनी मोजलं आणि तेच आलं, याने तुझं बळ वाढलं की घटलं?"

"वाढलं," ती म्हणाली, जरा नाइलाजानेच.

ग्रंथपालबाई इतका वेळ खंडात डोकावत होत्या. "हे दुसरं आडनाव एकाच घरात आहे हो गावात. दारातल्या कुंड्या आम्ही त्यांच्याच रोपवाटिकेतून आणतो."

रविवारी सकाळी दोघं रोपवाटिकेत पोचले. सत्तरीच्या आसपासच्या मालकीणबाई कोबीच्या रोपांवरून काहीतरी वेचून बादलीत टाकत होत्या. बादलीत गोगलगायी होत्या.

"खातात मेल्या सगळं! बोला, काय हवंय?"

तिने लेखाची प्रत पुढे केली. बाईंनी मातीने माखलेले हातमोजे काढले, प्रत लांब धरून पाहिली आणि मटकन उलट्या घातलेल्या कुंडीवर बसल्या.

"हे तुम्हाला कुठं सापडलं? अहो, यातल्या चार हजार मी मोजल्यात. सरांची कंबर धरायची, ते खुर्चीत बसून आकडे लिहायचे. मी आपली भिंतीला नाक लावून."

"तुमचं नाव पुढे कुणी दिलंच नाही," तिने कसंबसं सांगितलं. "लेखाचा दाखला शंभरावर लोकांनी दिलाय."

"शंभर?" बाईंनी डोळे मोठे केले. "मला वाटलं, सरांच्या आईनेसुद्धा वाचला नसेल."

"नाव सरांनी गाळलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे हो! सरांनी माझ्यासमोर दोन्ही नावं टाकली. मागाहून कुणीतरी आळस केला असणार. मी पुढे वडिलांची रोपवाटिका हातात घेतली नि रमले. दुःख नाही त्याचं." मग हळूच म्हणाल्या, "पण आता नाव घालणार ना?"

"घालणार. आणि संपादकांनाही कळवणार."

"मग एक सांगते. तिसऱ्या तक्त्यात पावसाळ्यातले आकडे नाहीत. जागा नव्हती म्हणून सरांनी काढले. वही माझ्याकडे आहे."

सासऱ्यांनी तिला कोपराने ढोसलं, "विचार की!" पण विचारायची गरजच पडली नाही. बाई आत जाऊन वही घेऊन आल्या. अक्षर बारीक, सुबक, एकही खाडाखोड नसलेलं. सासरे पान उलटत गेले आणि एवढंच म्हणाले, "वा!" चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याच हस्तलिखिताला हे म्हटलेलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता लेख गेला. एक्क्याण्णव संदर्भ, 'प्रथमच' खोडलेला, तेविसाव्यात दोन नावं आणि पानं सरळ. सोबत तिने संपादकांना चुकीबद्दल पत्र लिहिलं आणि बारा मेंढरांत आपणही होतो हे त्यात कबूल केलं. चार महिन्यांनी लेख छापून आला, पत्र वेगळ्या चौकटीत. दोनच आठवड्यांत परदेशातल्या एका अनोळखी संशोधकाची मेल आली: आमची यादीही सुधारतो आहोत.

ती अंक घेऊन रोपवाटिकेत गेली. बाईंनी तेविसावा संदर्भ बोट ठेवून, मोठ्याने, दोनदा वाचला. मग अंक फडक्यात गुंडाळून बियाण्यांच्या कपाटात ठेवला आणि विचारलं, "पावसाळ्याच्या आकड्यांचा लेख कधी करायचा? या वेळी मात्र माझं नाव आधी."

"आधीच," ती म्हणाली.