पलीकडच्या पक्षाची खुर्ची

आर्डिस होलेचेकनं कोर्टहाउसात जाऊन डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवलं, तेव्हा भाऊ गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही, असंच सगळे म्हणाले. काउंटीच्या पश्चिम टोकाला माणसं कमी आणि गुरं फार, आणि जी माणसं होती ती जन्मतःच रिपब्लिकन. आर्डिसही होती. मनातून अजूनही होती. पण कायदा असा, की मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं बसली पाहिजेत, आणि पलीकडच्या पक्षाचा तिथला एकमेव माणूस, एक म्हातारा, त्या उन्हाळ्यात वारला होता. त्याची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या खुर्चीवर लुमीर पोस्पिशिल बसायचा.

एवढंच कारण. दुसरं काही नाही.

लुमीर तिच्या शाळेतला. त्याला आपण आवडतो असं तिला एक हिवाळाभर वाटलं होतं. मग त्यानं रोझलीशी लग्न केलं आणि त्याच्या बाजूनं विषय मिटला. तिच्या बाजूनं तो मिटायचं नाव घेईना. दोघांच्या कुरणांच्या मध्ये टेकड्यांची अख्खी रांग होती. तो नेमानं चर्चमध्ये जाणारा, आणि होलेचेकांच्या घरातलं कुणी तीन पिढ्यांत चर्चची पायरी चढलेलं नाही. कधी रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या तर तो सलामादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. पण ते तो सगळ्यांसाठीच उचलायचा, अनोळखी ट्रकवाल्यासाठीसुद्धा. त्या एका बोटावर बाईनं दिवस तरी किती काढायचे?

मतदानाच्या दिवशी मात्र तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत हाताच्या अंतरावर असायचा. जुन्या शाळेच्या खोलीत तो स्टोव्ह पेटवायचा, ती घरून कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजून आणायची. टेबलावरचं तिसरं माणूस म्हणजे यूनिस. ती विणत बसायची आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांगायची. तासाला दोन मतदार आले तरी गर्दी झाली म्हणायची वेळ. लुमीर वळूंविषयी बोलायचा, विहिरींविषयी बोलायचा, आणि रोझली अंथरुणाला खिळल्यावर तिच्या औषधांविषयी. आर्डिस ऐकायची. संध्याकाळी तिघांनी मिळून मतं हातानं मोजायची आणि पेटी कोर्टहाउसात पोचवायची. तीही दोन पक्षांच्या दोन माणसांनी, एकाच गाडीत बसून. माणसांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून केलेला तो कायदा. सरकारनं आर्डिसला आयुष्यात दुसरं काही इतकं चांगलं दिलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी तिची फजिती झाली. मोजणीत डेमोक्रॅटांना एकही मत निघालं नाही. यूनिसनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "अगं, निदान तू तरी द्यायचंस की."

आर्डिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खूण चुकून भलतीकडे पडली, असं काहीतरी ती पुटपुटली. यूनिसच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि ही गोष्ट कोर्टहाउसात पोचली असती तर खुर्ची गेलीच होती. पुढच्या खेपेला मत मुकाट्यानं तिकडे द्यायचं असं आर्डिसनं ठरवलं, पण आडोशाला उभं राहिल्यावर हात वळेना. वडील असते तर काय म्हणाले असते, हेच डोक्यात आलं. तिनं नेहमीचंच मत दिलं आणि मोजणीच्या वेळी जीव मुठीत धरून बसली. तर एक मत निघालं. त्यानंतर दर खेपेला एक निघत गेलं. यूनिसची खात्री पटली. हे मत नव्या शिक्षिकेचं असावं, असं आर्डिसला वाटलं. पुढे शिक्षिका बदलून गेली, मत निघायचं थांबलं नाही. मग तिनं विचार करणं सोडून दिलं.

यंदा काउंटीच्या कमिशनरांनी ठरवलं, की पश्चिम टोकाचं मतदान यापुढे टपालानं. खोलीचं छप्पर गळतं, माणसं उरली नाहीत, कशाला तो व्याप. आणि लुमीरनं गुरं, घर, कुरण सगळं विकलं होतं. रोझलीला जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या मुलीनं त्याच्यासाठी दूर टूसॉन शहरात खोली तयार केली होती. शनिवारी ती न्यायला येणार होती.

आज टेबलावरचा शेवटचा दिवस, आज बोलायचंच, असं ठरवून आर्डिस घरातून निघाली होती. दिवसभरात दहा वेळा तोंड उघडलं आणि दहाही वेळा कॉफी हवी का तेच विचारलं.

संध्याकाळी मोजणी झाली. डेमोक्रॅटांना एकही मत नव्हतं. यूनिसनं डोळे वटारले, पण आता तिलाही घरी जायचं होतं.

पेटी दोघांच्या मध्ये ठेवून लुमीरनं ट्रक चालू केला. गुरांचं जाळीचं फाटक मागे पडलं.

"ते दर खेपेचं एक मत तुझं होतं," आर्डिस म्हणाली.

"होतं."

"इतकी वर्षं?"

"तुला उठवून त्यांनी काउंटीच्या पूर्वेकडचा तो बडबड्या डेमोक्रॅट आणून बसवला असता." लुमीरची नजर रस्त्यावर होती. "आता काय, पुढे टेबलच नाही. म्हटलं, मरायच्या आधी एकदा आपल्या पक्षाला मत देऊ."

हा माणूस कुंपणाच्या खांबासारखा सरळ. रोझलीशी तो कधी खोटं बोलला नसेल, आणि आर्डिसच्या खुर्चीसाठी मात्र वर्षानुवर्षं मनाविरुद्ध मत देत आला. आर्डिसला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. रोझली होती तोवर त्यानं एक शब्द काढला नाही, हेही बरोबरच होतं. पण रोझली गेल्यावर?

कोर्टहाउसात पेटी दिली, दोघांनी सह्या केल्या, आणि लुमीरनं तिला घरी आणून सोडलं. दार उघडून ती तशीच बसून राहिली.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. "शाळेपासून वाटतंय."

"चार वर्षं होती, आर्डिस. बोलली का नाहीस?"

"दर वेळी वाटायचं, पुढच्या निवडणुकीला बोलू."

लुमीरनं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "मीपण तेच म्हणत होतो. आणि आता सगळं विकून बसलोय."

इंजिन घुरघुरत होतं. तिनं नाक पुसलं.

"शनिवारी मुलीला घेऊन माझ्याकडे जेवायला ये. बदक करते."

"आणि तिला काय सांगू? कोण म्हणून?"

"जन्मभर तुझी वाट बघत होती, ती म्हणून सांग."

लुमीरनं इंजिन बंद केलं.

"ती मांस खात नाही," तो म्हणाला. "तिला नूडल्स कर. मला मात्र बदक चालेल."