चार माणसांचं घर

बाबारावांच्या काटकसरीचं वर्ध्यात नाव होतं. लोक आपल्या घरात त्यांचं उदाहरण देत. मी त्यांची आकडसासू, म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण, आणि मला त्या माणसाकडे पाहिलं की तळपायाची आग मस्तकात जायची. नाइलाजानं काटकसर करणारी माणसं आमच्या रोहणा गावात मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यापुढे मी हात जोडीन. हा गृहस्थ मात्र कापसाच्या एका जिनात कारकून, पगार महिन्याच्या महिन्याला हातात, घर स्वतःचं, आणि तरी जीव असा आवळून धरायचा की जणू कुणी त्याबद्दल त्याला बक्षीसच देणार आहे.

नवे पैसे सुरू झाले ते साल. आण्याचे सहा नवे पैसे आणि चार आण्यांचे पंचवीस, असा सरकारनं हिशेब घालून दिला होता. सगळा बाजार त्यात गोंधळून गेला, बाबाराव तेवढे खूश. चार आण्यांची भाजी हवी असली तर ते आण्या-आण्याची चार ठिकाणी घ्यायचे, म्हणजे चोविसातच भागायचं. एका पैशासाठी तासभर बाजारात पायपीट करायची आणि वर घरी येऊन ते मोठ्यानं सांगायचं. काडेपेटी त्यांच्या कोटाच्या खिशात असायची. चूल पेटवायला माझी बहीण सुमित्रा शेजारून विस्तव मागून आणायची. शेजारणीच्या काड्या जळत होत्या, पण त्या काही ह्यांच्या हिशेबात येत नव्हत्या.

दिवाळी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले ती सुमित्राला बाळंतपणासाठी घेऊन यायला. आमचे आईवडील केव्हाच गेलेले, तेव्हा तिचं माहेर म्हणजे मीच. तिला सातवा महिना लागला होता. सोबत मी घरच्या ज्वारीचं अर्धं पोतं आणि तुरीची डाळ नेली होती. पुलगावला छोट्या आगगाडीतून उतरून मोठ्या गाडीत ते ओझं चढवताना माझी कंबर मोडली. बाबारावांनी दारातच पोतं उचलून पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला, समाधानानं मान हलवली आणि कोठीत टाकून कुलूप घातलं. मी बसले का, पाणी प्याले का, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

मग मी सुमित्राला पाहिलं. पोट तेवढं पुढे आलेलं, बाकी अंगाचं नुसतं काड्यांचं बुजगावणं. मागच्या खेपेचं मूल आठ दिवसही जगलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सुइणीला बोलावून आणलं. तिनं सुमित्राच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि मला अंगणात घेऊन गेली. हिच्या अंगात रक्तच नाही, म्हणाली. हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर याही खेपेला मूल हाती लागायचं नाही, आणि बाईचंही मी सांगू शकत नाही.

मी बाबारावांना हे सांगितलं. ते म्हणाले, घरात अन्नाला काय कमी आहे? कोण नको म्हणतं तिला? रोहण्याला पाठवायचं तेवढं विचार करून सांगतो. हे सगळं ते अगदी शांतपणे बोलले, त्यामुळे मला आणखी चीड आली.

त्यांच्या घराची रीत अशी होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते कोठी उघडायचे आणि मापट्यानं दिवसभराचं पीठ परातीत काढून द्यायचे. माणशी एक मापटं. मग कुलूप. स्वयंपाक झाला की चार पाट मांडायचे: एक त्यांचा, एक त्यांच्या वडिलांचा, नानाजींचा, आणि दोन पोरांचे. त्यांची जेवणं झाली की सुमित्रा चुलीपाशी बसायची. सासू असताना तीही तशीच मागून बसायची. यात मला काही वेगळं वाटलं नाही, कारण बायकांनी मागून जेवायचं ही आमच्याकडेही रीतच होती. फरक एवढाच होता की आमच्याकडे मागच्यांसाठी टोपलीत काहीतरी असायचं.

मी पाहुणी, म्हणून माझ्या नावाचं एक मापटं वाढलं होतं. जावयाच्या पंगतीत बसायचं मी नाकारलं आणि सुमित्रासोबत बसले. टोपलीत माझ्यापुरत्या भाकरी होत्या. तिनं त्या माझ्या ताटात टाकल्या आणि स्वतः तव्याशी चिकटलेले तुकडे आणि वरणाच्या पातेल्याची खरवड घेऊन बसली. मी माझ्यातली अर्धी तिला दिली, तर घेईना. रोज एवढंच खातेस का, असं विचारलं तर म्हणाली, उरलं तर खाते. भाकरी पातळ थापली तर एखादी जास्तीची निघते, पिठात अंबाडीचा पाला घातला तर आणखी एखादी. आणि मग खाली मान घालून ती जे बोलली ते मी अजून विसरलेले नाही.

"पोरं आजारी पडले का माह्यं पोट भरते, ताई."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं आणि ती रडायला लागली. आईनं असं म्हणावं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला जवळ घेऊन मी बसले. शिव्या मला पुष्कळ येतात आणि त्या सगळ्या मी मनातल्या मनात दिल्या, पण तोवर मला वाटत होतं की हा माणूस जाणूनबुजून बायकोला उपाशी ठेवतो. खरी गोष्ट त्याहून क्षुद्र होती, ती मला रविवारी कळली.

रविवारी संध्याकाळी वाचनालयात बाबारावांचं भाषण होतं. विषय, काटकसरीचा संसार. मलाही नेलं, कारण बायकांच्या बाजूला जागा रिकाम्या दिसणं त्यांना आवडत नसे. वाचनालयाचे अध्यक्ष महादेवराव आणि महिला मंडळाच्या सुलोचनाबाई पुढे बसले होते. बाबाराव खादीच्या स्वच्छ सदऱ्यात उभे राहून आपल्या घराचं वर्णन करत होते. म्हणाले, "आमच्या घरी चार माणसं आहेत. चार माणसांना रोज चार मापटी. जेवणं झाली की पातेलं पुसून निघतं, टोपलीत दाणा उरत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बोटांवर माणसं मोजत बसले होते. ते स्वतः, नानाजी, दोन पोरं. संपली चार माणसं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबाराव माणसं मोजत नव्हते, पाट मोजत होते. ज्याच्या बुडाखाली पाट ते माणूस. त्यांच्या आईला कधी पाट मिळाला नाही, बायकोला मिळाला नाही, आणि जन्मात एकाही बाईला जेवताना न पाहिल्यामुळे बाई जेवते ही गोष्टच ह्या शहाण्याच्या हिशेबात शिरली नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. पाहुणी म्हणून माझं पीठ त्यांनी मोजलं, घरची म्हणून तिचं राहून गेलं. वैऱ्यासारखं वागणाऱ्याबद्दल निदान थोडा धाक तरी वाटतो. ह्या माणसाबद्दल मला नुसती किळस वाटली.

भाषण संपल्यावर सुलोचनाबाईंना असं घर एकदा पाहायची इच्छा झाली. बाबाराव फुगले. दुसऱ्या दिवशी जिनाला सुटी होती. महादेवराव आणि बाई, दोघांनाही त्यांनी जेवायलाच बोलावलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी घरी कुणाला जेवायला बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

सकाळी त्यांनी सात मापटी काढली. घरचे चार, पाहुणे दोन आणि मी. मी शेजारी उभी राहून पाहत होते. सुमित्रानं परात उचलली. सात कशी, असं तिनं विचारलं नाही आणि मीही मुद्दाम विचारलं नाही.

जेवायच्या वेळी मी पाट मांडले आणि पोरांच्या शेजारी एक जास्तीचा मांडला. सुलोचनाबाई पंगतीत बसणारच होत्या, तेव्हा बाईमाणसानं पुरुषांत कसं बसायचं, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला काढता येणार नव्हता. ताटं वाढली, तूरडाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मग मी सुमित्राचा दंड धरून तिला त्या पाटावर बसवलं. ती उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून धरला.

बाबाराव म्हणाले, "हे काय चालवलं बाई? ती जेवते ना मागून."

"कशातून जेवते, जवाईबापू?"

"उरते त्याच्यातून."

"काल तर सभेत सांगून राह्यले होते तुमी, टोपलीत दाणा उरत नाई म्हून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. आपल्याला काय विचारलं आहे हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, हिशेब चालू होता, आणि तो हिशेब जमत नव्हता. महादेवराव आपल्या ताटातल्या चटणीकडे फार लक्ष देऊन पाहायला लागले. सुलोचनाबाईंना मात्र समजलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

बोलले ते नानाजी. म्हातारा कधी बोलत नसे, आला घास गिळावा आणि ओट्यावर जाऊन बसावं एवढंच त्याचं काम. तो आपल्या मुलाला म्हणाला, "तुही माय जेवत होती का रे, बाबाराव? मी आठवून पाह्यलं. मले जेवतानी दिसतच नाई थे."

मी वाढपाला लागले. सुमित्रानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ती जेवायला लागली. लाज, पदर, समोरचे परके लोक, सगळं तिच्या मनातून गेलं असावं, कारण तिनं मान वर केली नाही. एक भाकर संपली, दुसरी संपली. मी तिसरी वाढली. पोरं आपलं जेवण सोडून आईकडे बघत होती. धाकटा हसला आणि आपल्या ताटातली वांग्याची फोड त्यानं तिच्या ताटात ठेवली. ती तिनं खाल्ली.

बाबाराव तिच्या तोंडाकडे पाहत होते. आठ वर्षांत त्यांनी ते तोंड हलताना पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. आता तरी काहीतरी माणसासारखं बोलेल. मी तेवढी भाबडी आहेच.

ते म्हणाले, "हे एवढं रोज लागते का इले?"

सुमित्रानं घास गिळला. "रोजच लागत होतं," ती म्हणाली.

बाबारावांनी थोडा वेळ विचार केला आणि मग त्यांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, रोहण्याला न्यायचं तुम्ही म्हणत होता ना, खुशाल घेऊन जा. बाळंतपण होऊन मूल चांगलं मोठं होईपर्यंत ठेवून घ्या, माझी काही हरकत नाही. चार दिवस ज्याचा विचार चालला होता तो त्या एका तिसऱ्या भाकरीनं झाला. बायको गेली की घरात पुन्हा चार माणसं, चार मापटी, आणि भाषणातला शब्द न् शब्द खरा. ते सगळं मला त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. सुलोचनाबाई ताट सरकवून उठल्या आणि हात धुवायला बाहेर निघून गेल्या.

मी मात्र हो म्हणणार होते. कशानं का असेना, बहीण माझ्या घरी येणार होती, तिला मी दूधतुपात ठेवणार होते, आणि त्या माणसाला सुधारायचा मक्ता मी घेतला नव्हता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमित्रा माझ्याआधी बोलली. आवाज मोठा नव्हता. मोठा आवाज तिला येतच नाही.

"मी कुठंच जाईन नाई, ताई. तूच राह्य इथं माह्याजवळ. मी ह्याच घरी जेवीन."

भाकरीची टोपली वाढता वाढता मी बाबारावांच्या बाजूला ठेवली होती. सुमित्रानं आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि एक भाकर मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हलले नाही. महादेवरावांकडे पाहिलं, ते पाणी पीत होते. मग त्यांनी टोपलीत हात घातला, भाकर उचलली, आणि सवयीनं ती मधोमध मोडायला गेले.

"अख्खी द्या," सुमित्रा म्हणाली.

त्यांनी अख्खी दिली.