नव्व्याण्णव तारीख

बॅटरी जेमतेम चौथाई उरलेली असताना तिने ‘हो’ दाबलं होतं, आणि ही गोष्ट तिने आईला सांगितली नव्हती.

बाबांचा खिशातला प्लेअर काडेपेटीहून थोडा मोठा. शेवटच्या वर्षात हात थरथरू लागले आणि आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला पेन धरवेना, तेव्हा बाबा त्यात बोलून ठेवू लागले. एक्केचाळीस नोंदी. “वेळ मिळाला की ऐकते,” असं ती म्हणत राहिली. ते गेल्यावर महिन्याने वेळ मिळाला, तर पडद्यावर आलं, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? आधी नोंदी उतरवून घ्याव्यात हे तिला सुचलंही नाही. निम्म्यात चार्जिंग संपलं. तेव्हापासून प्लेअर कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि तिथेच अडून बसायचा. कॉम्प्युटरला जोडला तर कॉम्प्युटर ओळखच देत नव्हता.

बाबांच्या जुन्या दुकानाला लागून सोल्डरकाकांचं रेडिओ-मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हातात सदा डाग द्यायची सोल्डरची तार, म्हणून हे नाव. सकाळी त्यांनी प्लेअर उलटसुलट करून पाहिला.

“नोंदी जागच्या जागी असणार,” ते म्हणाले. “सामान गाडीतच आहे, ड्रायव्हर तेवढा पळालाय. नवा बसवू, म्हणजे आतला प्रोग्रॅम फाईलमधून पुन्हा भरू. पण या मॉडेलमध्ये दोन तऱ्हेचे बोर्ड येतात, एक आणि नऊ. एकाची फाईल दुसऱ्यात घातली की झाला दगड, आणि सामानही गेलं.”

“उघडून बघता नाही येणार?”

“चिकटवून बंद केलाय. उघडायला गेलो तर बोर्डच तुटेल. मागचं स्टिकर पुसलंय. घरी कुठे नंबर लिहिलाय का बघ. तोवर याला पोटभर चार्ज करतो. उपाशीपोटी हे काम करायचं नसतं.”

त्यांनी सहज म्हटलं होतं. ती मान खाली घालून पायरी उतरली.

बाबांनी नंबर लिहून ठेवला नसता तरच नवल. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांची चिठ्ठी होती. प्लेअरच्या खोक्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, निळ्या शाईत ‘बोर्ड’ आणि पुढे ९. तिने लगेच फोन करून नऊ सांगितलं.

चार वाजता ती खोकं घेऊन निघाली, तर आई चपला घालून दारात उभी.

“तू कशाला?”

“त्यांचा आवाज येणार आहे ना? मग मी नको?”

दुकानात फाईल तयार होती. सोल्डरकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “फोनवरच्या आकड्यावर मी केबल लावत नसतो. दाखव खोकं.” त्यांनी झाकण दिव्याखाली धरलं. “हं. नऊच.”

आई त्यांच्या खांद्यावरून वाकली. “हा एक आहे.”

“वहिनी, ही डावीकडची आकडी बघा की.”

“आकडी कसली, ती रेघ आहे. आकड्याआधी आडवी रेघ मारल्याशिवाय यांना चैन पडायचं नाही. आणि हात असा घाईचा, की रेघ जाऊन आकड्याला चिकटायची.”

“आई, तुला वाटतंय तसं,” ती म्हणाली. “इथे वाटून चालणार नाही. चुकलं तर काहीच उरणार नाही.”

आईने पर्स उघडून कप्प्यातला फोटो काढला. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली ती. आईने फोटो पालथा करून टेबलावर ठेवला. बाबांचंच अक्षर होतं, ‘जन्म तारीख’ आणि पुढे दोन आकडे. दोन्ही नऊ.

“वाच.”

“नव्व्याण्णव,” ती म्हणाली, आणि थांबली.

“कुठल्या महिन्यात येते गं नव्व्याण्णव तारीख? मी एकोणीसला जन्म दिला होता. पुढचे ऐंशी दिवस यांनी आपल्या पदरचे घातले.”

सोल्डरकाका खुदकन हसले. मग भिंग घेऊन त्यांनी झाकण आणि फोटो शेजारी ठेवले. फोटोवरच्या पहिल्या आकड्याला डावीकडून सरळ रेघ येऊन टेकली होती. दुसऱ्याची आकडी खाली वळली होती. झाकणावरची रेघ सरळ होती.

“एक,” ते म्हणाले. नवाची फाईल त्यांनी पुसून टाकली, एकाची उतरवली, ती पूर्ण आली की नाही हे दोनदा तपासलं. केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधली. “आता कोणी टेबलाला हात लावायचा नाही.”

कॉम्प्युटरवर टक्क्यांची पट्टी सरकू लागली. चाळीस. पंचावन्न. त्रेसष्टवर थांबली. तिचा हात आपोआप पुढे गेला.

“हात खिशात,” सोल्डरकाका म्हणाले. “अडकलाय असं वाटतं तेव्हाच माणसं केबल ओढतात.”

“आई,” ती पट्टीवरची नजर न काढता म्हणाली, “मागच्या वेळी मीच दाबलं होतं. चार्जिंग नव्हतं.”

“ठाऊक आहे. त्या दिवसापासून तू नीट जेवली नाहीस.”

चौसष्ट. मग पट्टी थांबली नाही. प्लेअरचा पडदा काळा झाला, चिन्ह आलं, गेलं, आणि यादी उघडली. नोंदी, एक्केचाळीस. तिने ऐकायची घाई केली नाही. आधी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली, मगच पहिली लावली.

जरा खरखर, खाकरणं, आणि मग बाबा. “नोंद, आडवी रेघ, एक. भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली कपाटात वरच्या खणात आहे. आठवड्याला एकदाच द्यायची, हिला सांगा, रोज नाही.”

“रोजच देते मी,” आई प्लेअरला म्हणाली.

तिने सोल्डरकाकांकडून पेन मागून घेतलं, आणि झाकणावर बाबांच्या आकड्याखाली लिहिलं, ‘अक्षरी एक’. त्याखाली आणखी एक ओळ, ‘आधी पोटभर चार्ज’. मग दुसरी नोंद लावली.