खळ्यावरची गाडी

"अहो, उतरा की खाली," बायको गाडीच्या दाराबरोबर चालत म्हणाली. "आपलंच गाव, आणि पाहुण्यासारखे वरनंच काय बोलताय?"

"बाजूला हो. चाकाखाली येशील."

"आई सकाळपासून विचारतेय, धाकटा आला का म्हणून."

"सांग, आलाय."

"सांगितलं. तर म्हणते, मग घरात का येत नाही?"

त्याने स्टिअरिंग थोडं वळवलं आणि गाडी माणसाच्या चालीने खळ्याच्या कोपऱ्यावरून पुढे गेली. बायको पदराने तोंडावरची धूळ पुसत मागे राहिली.

आता कुणी म्हणेल, हा काय येडेपणा? भला मोठा ट्रक, मोकळं खळं, आणि माणूस सकाळपासून नुसता गोल गोल फिरतोय. तर त्याचं असं होतं. गाडी थंड पेटीची. शेतातून तोडलेला मटार पेटीत भरायचा आणि शहराकडे न्यायचा. पेटी थंड राहते ती इंजिनावर. इंजिन बंद केलं की घडीभरात आत भट्टी. आणि गावातला मटार काही एका दमात येत नाही. कुणाची तोडणी सकाळीच उरकते, कुणाची उन्हं कलली तरी चाललेलीच. शेवटचा क्रेट चढेपर्यंत गाडीने गावात थांबायचं, हे ठरलेलं.

पण कंपनीने सगळ्या गाड्यांमध्ये एक डबी बसवली. इंजिन चालू आणि चाक उभं, असं पाच मिनिटांच्या वर झालं की डबी हापिसात चुगली करणार, आणि पगाराला कात्री. नुसते उभे राहून डिझेल जाळता, असं साहेबांचं म्हणणं. थंड पेटीचं काय, असं एका ड्रायव्हरने विचारलंही. साहेब म्हणाले, डबीला पेटी कळत नाही. मग डबीला कळेल असं वागायचं कुणी? ड्रायव्हरने. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

गेल्या महिन्यात त्याचा निम्मा पगार कापला गेला. पुन्हा चुगली आली तर गाडी दुसऱ्याच्या हातात देऊ, असंही साहेबांनी सांगून ठेवलं. इंजिन बंद करावं तर गावाचा मटार जातो, चालू ठेवावं तर आपली रोजी जाते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. म्हणून ही युक्ती. कुणाचे क्रेट आले की थांबायचं, भराभर चढवायचे, की पुन्हा फिरायचं. उभ्या गाडीपेक्षा फिरत्या गाडीला डिझेल जास्त लागतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. डबीला मात्र कळत नव्हतं, आणि डबी बसवणाऱ्या उंटावरच्या शहाण्यांनाही.

खळं होतं तात्याचं. तात्या शेजारचाच, आडदांड म्हातारा, जिभेला हाड नसलेला. बांधावर बसून तो मजा बघत होता.

"काय रे," गाडी जवळ आली की तो ओरडायचा, "बैल विकल्यापासून खळ्यावर फिरायला कुणी नव्हतं. तुझ्या रूपाने सोय झाली बघ."

धाकटा हसला नाही. रागावलाही नाही.

घर ओढ्यापलीकडे होतं. जाऊन यायला क्रेट चढवण्याएवढा वेळ पुरणारा नव्हता. आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. घरी न्या आणि काय हवं ते खाऊ घाला, असं डॉक्टरने सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. डोळ्यांना आता उजेड आणि हालचाल तेवढी समजायची. बायको पहिल्यांदा फोनवर हे सांगत होती तेव्हा त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. मग रोजचाच फोन झाला आणि तो गाडी न थांबवताच ऐकू लागला. आताशा त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही त्याला विशेष वाटत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा ओढ्याकडून चार माणसं खाट उचलून येताना दिसली. पुढे बायको. अशी खाट बघून त्याच्या काळजाचा ठोका चुकायला हवा होता. चुकला नाही. तो बघत राहिला, आणि खाटेवरचा हात हलला तेव्हा त्याने गिअर बदलला.

खाट त्यांनी खळ्याच्या कडेला झाडाखाली ठेवली. बायकोने आईला उशीला टेकवून बसतं केलं. गाडी जवळ आली तेव्हा तिचं बोलणं त्याला ऐकू आलं.

"आई, ती बघा पांढरी गाडी. त्यात धाकटा आहे तुमचा."

आईने मान उचलली आणि गाडीबरोबर ती हळूहळू फिरवत नेली. पुढच्या फेरीला हात वर केला. त्याने हॉर्न वाजवला.

तेवढ्यात तात्या धावत आला आणि पायरीवर चढला.

"सरक. मी फिरवतो."

"तात्या, अहो डबी आहे."

"डबीला काय माझं थोबाड दिसतंय? चाक फिरलं म्हणजे झालं. जन्मभर ट्रॅक्टर हाकलाय मी. जा, आईपाशी बस जरा. मटार माझाही आहे आत, पळवून नेत नाही तुझी गाडी."

तो उतरला. पायाखालची जमीन अजून फिरतेय असं त्याला वाटत होतं. खाटेच्या कडेला बसून त्याने आईचा हात हातात घेतला. हात हलका झाला होता, वाळलेल्या शेंगेसारखा.

"आई."

आईने हात सोडवून घेतला नाही. पण मानही वळवली नाही. ती गाडीकडेच बघत होती.

"कोण?"

"मी. धाकटा."

"धाकटा गाडीत आहे," आई म्हणाली. "सूनबाईने दाखवला मला. आता त्या कोपऱ्यावरनं वळेल बघ."

"अगं, मीच तो. गाडीत तात्या बसलाय."

"तात्या?" आईला हसू आलं. "त्याला बैल धड हाकता आले नाहीत कधी, तो गाडी काय हाकतोय! थोडा सरकून बस बाबा. मधे आलास की दिसत नाही मला."

बायको पुढे झाली. "आई, अहो, हे खरंच..."

त्याने मानेनेच तिला नको म्हटलं आणि सरकून बसला. गाडी वळून आली. आईने हात वर केला. तात्या आपल्या नादात समोर बघत निघून गेला, हॉर्न वाजवायचं काही त्याला सुचलं नाही. आईचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

"दमला असेल," ती शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाली. "थांबायची मुभा नाही बिचाऱ्याला. तरी आला. किती फेऱ्या मारतोय बघ माझ्यासाठी."

आता आपल्याला रडू येईल, असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. आलं नाही. हातातला हात त्याने हलकेच गोधडीवर ठेवला आणि उठला.

"अरे, बस की," त्याला पायरीवर चढलेला बघून तात्या म्हणाला. "आत्ता तर उतरलास."

"आई गाडीकडे बघतेय, तात्या."

चालत्या गाडीतच दोघांनी जागा बदलली. झाडाजवळ येताच त्याने हॉर्न वाजवला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. आईचा हात वर आला. ती बायकोला काहीतरी सांगत होती, इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू आलं नाही.

दोन घरांचा मटार अजून यायचा होता. तो येईपर्यंत तो फिरत राहिला, आणि दर फेरीला झाडापाशी आलं की हात बाहेर काढत राहिला.