सतरा नंबरची हजेरी

सतरा नंबर दारात येऊन उभा राहिला तेव्हा मॅडम पुढच्या सत्राचे नियम टाचत होत्या. दोन पानं जुळवायची, डाव्या कोपऱ्यात स्टेपलर दाबायचा, चळतीवर ठेवायची. त्यांनी मान वर केली, मुलाला ओळखलं आणि हातातलं काम तसंच चालू ठेवलं.

"मॅडम, दोन मिनिटं मिळतील?"

"मिळतील. पण हजेरीबद्दल असेल तर एकच मिनिट पुरेल."

मुलगा आत आला. खुर्ची समोर होती, तरी बसला नाही. तीन आठवडे तो वर्गाकडे फिरकला नव्हता आणि आज उगवला होता, सत्र संपायला चार दिवस उरले असताना. असे चेहरे मॅडमना पाठ होते. दर वर्षी शेवटच्या आठवड्यात ते या दारात उभे राहत आणि दर वर्षी मॅडम त्यांना तीच दोन पानं दाखवत.

मॅडम विद्यापीठात पहिल्या वर्षाला स्पॅनिश शिकवत होत्या. इतरांचे वर्ग गाणीबिणी लावून सुरू व्हायचे, मॅडमचा नियमांनी व्हायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन पानं मिळायची, ती वाचून खाली सही करायची, मगच पहिला धडा. चार गैरहजेऱ्या माफ, पाचवीला नापास. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर वर्गात बसायला हरकत नाही, पण गैरहजेरी लागणार. फोन दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात. दाखला फक्त स्वतःच्या आजारपणाचा चालेल, घरच्यांच्या नाही. हे शेवटचं कलम त्यांनी नंतर घातलं होतं, कारण एका सत्रात एकाच मुलाच्या तीन आज्या वारल्या होत्या आणि तिसरीच्या वेळी त्या मुलालाही हसू आवरलं नव्हतं. मुलं पाठीमागे त्यांना नियमावली म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

वर्गात नावंही नव्हती. हजेरी क्रमांकाने व्हायची, स्पॅनिशमधून, म्हणजे आकडे आपोआप तोंडात बसत. समोर उभा होता तो दिएसिसिएते, म्हणजे सतरा. खिडकीकडचा बाक, उच्चार बरे, अक्षर गिचमिड. याहून जास्त मॅडमना त्याच्याबद्दल माहीत नव्हतं.

"माझ्या गैरहजेऱ्या भरल्यात, मला माहितीय," सतरा म्हणाला. "मी नापास आहे. त्यासाठी नाही आलो."

स्टेपलर थांबला.

"मग?"

"मला एक दाखला हवाय. मागच्या महिन्याच्या अकरा तारखेला मी तुमच्या वर्गात होतो, असा. शिक्क्यासकट."

इतक्या वर्षांत मॅडमकडे गैरहजेरी माफ करा म्हणून शेकड्यांनी मुलं आली होती. हजर होतो असं लिहून द्या म्हणणारा हा पहिलाच.

"कशाला हवाय?"

"बाबांना दाखवायला." तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "त्या दिवशी आई गेली. दवाखान्यात होती दोन महिने. मी सकाळी तिच्याजवळ होतो. मग ती म्हणाली वर्गाला जा, म्हणून आलो. बाबा तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. वर येऊन बघतात तर मी नाही. त्यांनी फोन केले, मी उचलले नाहीत. त्यांना वाटतं मी कुठंतरी मित्रांबरोबर होतो. वर्गात होतो म्हटलं तर म्हणतात, आई मरायला टेकलेली असताना वर्गात कोण जाऊन बसतं."

"चार गैरहजेऱ्या..."

"आधीच झाल्या होत्या. आईच्या दुखण्यातच. आईला माहीत होतं ना, पाचवीला काय होतं ते."

मॅडमनी अकरा तारीख आठवली आणि ती पटकन आठवली, हेच वाईट झालं. कपड्यांचा धडा होता. मुलांना दुकानदार आणि गिऱ्हाईक व्हायचं होतं. सतरा दुकानदार झाला होता आणि एका बुटक्या पोरीच्या गळ्यात चार मापं मोठा कोट मारून मोकळा झाला होता, अगदी चोख वाक्यांत. अख्खा वर्ग हसला होता, मॅडमसुद्धा. आणि त्याच तासाला दाराजवळचा डबा सारखा थरथरत होता. पत्र्याचा डबा, त्यामुळे आवाजही मोठा. तिसऱ्या वेळी मॅडम उठल्या, कुणाचा म्हणून विचारलंही नाही, फळा पुसायचं जाड फडकं घडी करून डब्यावर टाकलं आणि धडा पुढे चालू केला.

त्यांनी कोरा कागद ओढला.

"पूर्ण नाव सांग तुझं."

त्याने सांगितलं. पाच महिने शिकवलेल्या मुलाचं नाव मॅडमनी पहिल्यांदा लिहिलं. खाली तारीख, तासाची वेळ, संपूर्ण तास वर्गात उपस्थित. मग आणखी एक ओळ: या काळात त्याचा फोन नियमानुसार माझ्या ताब्यात होता.

"हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं," मुलगा म्हणाला.

"नसतं चाललं."

शिक्का शेजारच्या खोलीत, भाऊंकडे असायचा. भाऊ म्हणजे विभागाचे कारकून, निवृत्तीला आलेले, देवमाणूस, पण कामात काटेकोर. कुठलाही दाखला रजिस्टरशी ताडून बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा दंडक मॅडमनीच त्यांना घालून दिला होता. भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, रजिस्टर उघडलं आणि बोट ओळीवरून सरकवत नेलं. बोट थांबलं.

"मॅडम, सतराला इथं फुली आहे."

"कसली फुली?"

"गैरहजेरीची. बाजूला तुमच्याच अक्षरात लिहिलंय, अकरा मिनिटं."

मॅडम वाकून बघू लागल्या. बघायची गरज नव्हती. उशिरा येणाऱ्याला त्या काही बोलत नसत, वर्गाचा रसभंग होतो म्हणून. मान हलवून बसायला सांगायचं आणि पेन्सिलने फुली मारायची. सत्राच्या शेवटी ज्याला त्याला पत्र जायचं.

"मी दहा मिनिटांच्या आत पोचलो होतो," मुलगा म्हणाला. "दवाखान्यापासून पळत आलो. जिन्यातलं घड्याळ बघितलं मी." मग त्याने विचारलं, "ही कितवी फुली?"

भाऊंना आगापिछा काहीच ठाऊक नव्हता. त्यांनी सरळ मनाने त्या तारखेपर्यंतच्या फुल्या मोजल्या.

"पाचवी."

"म्हणजे मी आत आलो, तेव्हाच मी..."

वाक्य त्याने तिथंच सोडलं. पुढचं तिघांपैकी दोघांना कळलं होतं. दारातून आत आला तेव्हाच तो नापास झाला होता. त्यानंतर तो बसला, कोट विकला, वर्गाला हसवलं, डबा थरथरताना ऐकला, त्यातलं काहीही कशातच धरलं गेलं नव्हतं. दारातूनच परत फिरला असता तरी काही बिघडलं नसतं.

"नियम असा आहे की," मॅडमनी सुरुवात केली आणि त्यांना स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

"रजिस्टरात गैरहजर आणि दाखल्यात हजर, शिक्का कसा मारू?" भाऊ ओशाळून म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं करतो."

"राहू द्या, भाऊ." त्यांनी कागद उचलून त्याची घडी घातली. "घर किती लांब आहे तुझं?"

"चालत वीस मिनिटं. पण मॅडम, तुम्ही कशाला..."

"चल."

वाटेत एका सिग्नलशी त्याने, मोठ्यांना सांगावं तसं, या बाजूने या, इथं खड्डा आहे, म्हणून सांगितलं. मॅडमना काहीतरी बोलायचं होतं. जे जे सुचलं ते सगळं नियमांच्या भाषेतलं निघालं, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

घर म्हणजे चष्म्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या. वडील दुकानासाठी भिंगं घासायचे. मॅडम आत गेल्या तेव्हा ते खिडकीशी बसून एक भिंग कापडाने पुसत होते. वर्गातल्या मॅडम आल्यात असं मुलगा म्हणाला, तरी त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. उठून मॅडमना खुर्ची दिली, पाणी आणलं. मुलगा दाराला टेकून उभाच राहिला.

"अकरा तारखेला हा माझ्या वर्गात होता," मॅडमनी वेळ न घालवता सांगितलं. "तास संपेपर्यंत. याचा फोन माझ्याकडे होता. वाजत होता. मी ऐकला आणि वरून फडकं टाकलं. त्याला उचलायला मिळाला नाही, तो माझ्यामुळे."

वडील भिंग पुसत राहिले.

"नऊ वेळा लावला," ते म्हणाले.

"हो."

"तुमचं मी खोटं म्हणत नाही, मॅडम. पण हा गेलाच का? ती म्हणाली जा, असं सांगतो. अशा वेळी कुठली आई म्हणेल जा?"

मॅडमनी नजर वळवली. कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, त्यावर कुणाची तरी अर्धवट दुरुस्त केलेली पँट तशीच पडली होती. मशीनच्या वर, बसल्या जागेवरून नजर जाईल अशा उंचीवर, भिंतीला टाचणीने दोन पानं लावलेली होती. ती पानं मॅडमनी लगेच ओळखली. त्या उठून जवळ गेल्या. सहाव्या कलमाच्या बाजूला, हजेरीच्या ओळीशी, शिंप्याच्या निळ्या खडूने चार रेघा ओढलेल्या होत्या. एकेक वेगळ्या दिवशी ओढलेली असावी, कारण कुठली ठळक होती, कुठली फिकट. चौथीच्या पुढे जागा मोकळी सोडून एक गोल काढला होता, रिकामा.

"या रेघा कुणी ओढल्या?" मॅडमनी विचारलं.

वडील येऊन शेजारी उभे राहिले. डोळे बारीक करून त्यांनी बघितलं. त्या घरात इतकी भिंगं घासली गेली, पण हा कागद त्यांनी कधी वाचला नसावा.

"तिचा खडू," ते म्हणाले.

"ही याची गैरहजेरी आहे. चार चालतात. पाचवी झाली की नापास."

"शेवटची कधी ओढली हिनं?"

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तीन होत्या," मुलगा दारातून म्हणाला. "चौथी तिनं मला ओढायला सांगितली. घरी जाशील तेव्हा ओढ म्हणाली, विसरू नकोस."

वडील त्या गोलाकडे बघत राहिले. हातातलं भिंग त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं, पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं.

"म्हणजे तिनंच पाठवला," ते म्हणाले, आणि मग मॅडमकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग झाला का हा पास?"

मॅडमनी मुलाकडे बघितलं. त्याने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. फक्त दाराची कडी घट्ट धरली होती. उभ्या आयुष्यात मॅडमनी कुणाला अर्धा गुणसुद्धा फुकट दिला नव्हता.

"झाला," त्या म्हणाल्या.

वडिलांनी मान डोलावली, दोनदा, तीनदा. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते मुलाशी बोलले.

"उभा का? बस ना."

मुलगा बसला. वडिलांनी चहा टाकला, स्वतः. साखर जास्त पडली. तरी तिघांनी तो संपवला.

मुलगा मॅडमना सोडायला रस्त्यापर्यंत आला. बसथांब्यावर आणखी कुणी नव्हतं. मॅडमनी पर्समधून तो घडी केलेला कागद काढला, पण कुणाला द्यायचा ते न समजून हातातच ठेवला.

"निकाल शुक्रवारी जातात," त्या म्हणाल्या. "ती फुली पेन्सिलची आहे. मी मारली, मीच खोडेन, त्यानंतरच्याही. अंतिम परीक्षा तेवढी दे."

"नको, मॅडम."

"अरे, अकरा मिनिटं. एका मिनिटाचा प्रश्न आहे."

"तिथं बसून मला पेपर नाही लिहिता येणार." तो रागावलेला नव्हता. उलट मॅडमना बरं वाटावं म्हणून धडपडत असावा, तसा बोलत होता. "मी पुढच्या सत्रात पुन्हा बसतो ना. पहिल्यापासून. बाबांना तेवढं कळू देऊ नका."

बस वळणावर दिसली. मॅडमनी हात दाखवला नाही, मुलानेच दाखवला.

"आणि या वेळी उशीर नाही होणार," तो म्हणाला. "आता सकाळी दवाखान्यात जायचं नसतं."